दाताला श्रेय, गोळीला दोष

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई ५३ वर्षांच्या आहेत, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवतात. बीपीची गोळी चालू आहे. अडीच वर्षांपासून उजव्या गालात, नाकपुडीच्या बाजूपासून वरच्या दाढांपर्यंत, करंट लागल्यासारखी कळ येते. दात घासताना, तोंडावर पाणी मारताना, स्कूटीवर वारा लागताना हमखास. आधी एका दाढेचं रूट कॅनाल झालं, मग तीच दाढ काढली. त्यानंतर तीन-चार महिने बरे गेले आणि कळा परत आल्या. शेजारच्या दाढेचंही रूट कॅनाल झालं. दुखण्याच्या गोळ्यांनी पित्त तेवढं वाढलं. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यूरॉलॉजिस्टनी ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, असं निदान करून कार्बामाझेपिन सुरू केलं आणि चार-पाच दिवसांत उतार पडला. महिन्याभराने डोस वाढवावा लागला. मेडिकलवाला म्हणाला, ही तर फिटची गोळी. जाऊबाई म्हणाल्या, याची सवय लागते, डोकं मंद होतं. त्यातच एकदा फळ्यासमोर गरगरलं, म्हणून ताईंनी गोळी आपणच बंद केली. आता कळा पुन्हा सुरू आहेत आणि शनिवारी दुसरी दाढ काढायची ठरली आहे. मुंबईचा भाऊ म्हणतो, गॅमा नाईफ करून मोकळी हो. २६ वर्षांची मुलगी पुण्यात आयटीत आहे. तिचा जबडा सकाळी दुखतो, तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो. घराण्यातच असेल म्हणून ताईंनी उरलेल्या गोळ्यांतली अर्धी अर्धी गोळी तिला चार दिवस दिली. ‘तिला बरंही वाटलं.’ मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. दाढ काढू का, गोळी घेऊ का, ऑपरेशन करू का, मुलीचं काय करू आणि तिच्या सासरी हे सांगावं का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

प्रिय ताई,

तुम्ही ज्या क्रमाने प्रश्न विचारलेत त्या क्रमाने मी ते घेणार नाही, कारण त्यातला एक उद्यावर टाकण्यासारखा नाही. मुलीची गोळी आजच थांबवा. पुण्याला जाताना तिच्या पर्समध्ये एखादी पट्टी घातली असेल, तर फोन करून सांगा. कार्बामाझेपिन चांगलं औषध आहे, पण मोजक्या लोकांच्या अंगावर ते फार वाईट उलटतं. ताप येतो, अंगभर पुरळ उठतं, तोंडात आणि डोळ्यांत व्रण होतात, कातडी सुटायला लागते. याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात आणि त्यात माणूस दगावूही शकतो. हा धोका औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. एक विशिष्ट जनुक असलेल्यांत तो बराच वाढतो. ते जनुक आशियाई लोकांत, आपल्यातही, सापडतं. मोठ्या लॅबमध्ये त्यासाठी एचएलए-बी १५०२ नावाची तपासणी होते आणि औषध नव्याने सुरू करताना डॉक्टर ती सांगू शकतात.

चार दिवस अर्धी गोळी घेतल्याने तुमच्या मुलीला बहुधा काहीही होणार नाही. पण पुढच्या काही आठवड्यांत ताप, पुरळ किंवा तोंड येणं यांतलं काही झालं, तर मी अमुक गोळी घेतली होती हे तिने डॉक्टरांना न विचारता सांगायचं. शिवाय या औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, आणि गरोदरपणात ते घेतल्यास बाळात व्यंग राहण्याचा धोका वाढतो. लग्न दोन-चार महिन्यांवर असलेल्या मुलीला ते डब्यातून काढून द्यायचं औषध नव्हे.

आता शनिवारची दाढ. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘पहिली दाढ काढल्यावर तीन-चार महिने शांत होतं, म्हणजे मूळ तिथेच असणार.’ तुमचा सगळा हिशोब या वाक्यावर उभा आहे आणि मला शंका याच वाक्याची आहे. ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियाची चालच अशी असते. काही आठवडे किंवा महिने कळांचा सपाटा, मग आपोआप काही महिन्यांची विश्रांती, क्वचित वर्षभराचीही. सुरुवातीच्या वर्षांत या विश्रांत्या लांब असतात, पुढे त्या आखूड होत जातात. माणूस उपचाराला धावतो तो अर्थातच सपाटा शिगेला पोचल्यावर. मग विश्रांती सुरू होताना जो उपचार हाताशी असेल त्याला श्रेय मिळतं. कुणाचा दात निघालेला असतो, कुणी नाकात तेल सोडलेलं असतं, कुणी एखाद्या देवाला बोललेलं असतं. तुमच्या बाबतीत दाढ निघाली होती. मूळ तिथे असतं, तर दाढ गेल्यावर कळ परत यायला तिला जागा कुठे उरली होती?

यात तुमच्या दाताच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. मी स्वतः दातांचीच डॉक्टर आहे आणि हा घोटाळा आमच्या खुर्चीत फार सहज होतो. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी नस प्रत्येक बाजूला एकच. तिच्या तीन शाखा आहेत. एक कपाळ-डोळ्याकडे जाते, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. हा आजार बहुतेकदा खालच्या दोन शाखांत असतो, त्यामुळे कळ अगदी दातातून आल्यासारखी वाटते. रुग्ण बोट ठेवून दात दाखवतो. त्या दातात कीड किंवा जुनी चांदी सापडली की काम सुरू होतं, आणि पन्नाशीच्या माणसाच्या तोंडात काही ना काही सापडतंच.

फरक ओळखता येतो. किडलेल्या दाताचं दुखणं ठणकतं, तासन्‌तास टिकतं, रात्री झोपू देत नाही. थंड-गरम लागल्यावर उठलेली कळ नंतरही रेंगाळते. एक्स-रेमध्ये बहुधा कारण दिसतं. तुमची कळ काही सेकंदांची, फार तर दोन मिनिटांची, आणि मधल्या वेळात काहीच नाही. दातावर जोर देऊन ती उठत नाही. गालावरून ओढणी सरकली, ओठाला पाणी लागलं, वारा आला, एवढ्या हलक्या स्पर्शाने उठते. इथे एक चकवा मात्र आहे. दात बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं की न्यूरॅल्जियाची कळही तात्पुरती थांबते, कारण नस तीच. त्यामुळे इंजेक्शनने थांबलं म्हणून दात दोषी, असं ठरवू नये.

शनिवारची अपॉइंटमेंट रद्द करू नका. जा, आणि न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी सोबत न्या. डॉक्टरांना एवढंच म्हणा: ‘या दाढेत नसेच्या दुखण्याखेरीज स्वतःचं काही बिघडलेलं आहे का? असेल तर एक्स-रेवर मला दाखवा. नसेल तर नसेचा उपचार बसेपर्यंत थांबूया.’ बहुतेक दंतवैद्य हे ऐकून बरं वाटून घेतील. दाढ खरंच खराब असली तर तिचा इलाज व्हायलाच हवा, पण तो दाढेसाठी, गालातल्या कळेसाठी नव्हे. आणि कार्बामाझेपिन चालू असताना कुणी अँटिबायोटिक लिहून दिलं तर त्यात क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन नाही ना, हे विचारा. या दोन्हींमुळे कार्बामाझेपिन रक्तात साचतं आणि नेहमीचा डोसही जास्त होऊन बसतो.

गोळीकडे येते. मेडिकलवाल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. कार्बामाझेपिन फिटसाठी देतात. पण १९६२ मध्ये स्वीडनमध्ये ब्लॉम नावाच्या डॉक्टरांनी हे औषध चेहऱ्याच्या याच दुखण्यात गुण देतं असं प्रसिद्ध केलं. अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती १९६८ मध्ये, ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियासाठी. फिटसाठीची मान्यता तिथे १९७४ ची. म्हणजे तिथल्या कागदोपत्री ही आधी तुमची गोळी आहे, फिटवाल्यांची नंतर. काम दोन्हीकडे सारखंच करते. नसेतून विनाकारण सुटणारे संदेश आवरते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल ही औषधं सूज आणि जखमेच्या दुखण्याची. नसेच्या कळेवर त्यांचा उपयोग नाही, पहिल्या दोन्हींनी पित्ताचा त्रास मात्र वाढतो. ट्रामाडॉलसारख्या जड गोळ्यांचंही इथे काही चालत नाही.

आता ‘सवय लागते’ याबद्दल. महिन्याभराने डोस वाढवावा लागला, म्हणून तुम्हाला जाऊबाईंचं म्हणणं पटलं. खरं कारण वेगळं आहे. हे औषध यकृताला स्वतःचाच निचरा जलद करायला शिकवतं. पहिल्या तीन ते पाच आठवड्यांत शरीर ते अधिक वेगाने संपवू लागतं, त्यामुळे सुरुवातीला पुरणारा डोस नंतर कमी पडतो. डॉक्टरांना हे ठाऊक असतं, फक्त गर्दीच्या ओपीडीत ते सांगायचं राहून जातं. एकदा ही पातळी स्थिरावली की डोसही स्थिरावतो. दारू-तंबाखूसारखी तलफ या गोळीची लागत नाही. कळा काही महिने पूर्ण थांबल्या की डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, काहींचं औषध सुटतंही. एकदम तोडायचं मात्र नाही.

गरगरण्याला मी हसण्यावारी नेणार नाही. ते खरं आहे आणि त्याची कारणं शोधता येतात. पहिलं, डोस भराभर वाढला असेल. साधारणपणे १०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा-दोनदा असं सुरू करून काही दिवसांच्या अंतराने पायरी पायरीने चढवतात. बऱ्याच जणांना दिवसाला ४०० ते ८०० पुरतात, १२०० च्या वर सहसा जात नाहीत. दुसरं, रक्तातलं सोडियम. हे औषध ते उतरवतं. तुमच्या बीपीच्या गोळीची पट्टी काढून नाव बघा. नावाच्या शेवटी ‘एच’ असेल, किंवा घटकांत हायड्रोक्लोरोथायाझाइड अथवा क्लोरथॅलिडोन लिहिलेलं असेल, तर ती लघवी वाढवणारी गोळी आहे आणि तीही सोडियम उतरवते. दोन्ही मिळून माणूस गळून जातो, गरगरतो, कधी बोलताना अडखळतो. यावर औषध तोडणं हा उपाय नव्हे. सोडियम तपासायचं आणि बीपीची गोळी बदलता येते का ते विचारायचं. तिसरं, तुम्ही गोळी उपाशीपोटी आणि शाळेला निघताना घेत होता असं पत्रावरून वाटतं. जेवणानंतर घेऊन आणि रात्रीचा वाटा थोडा मोठा ठेवून फरक पडतो. हळूहळू सुटणाऱ्या, सीआर किंवा एसआर लिहिलेल्या गोळ्या मिळतात, त्यांनी चढउतार कमी होतात. त्या कुटायच्या किंवा चावायच्या नाहीत.

एक मात्र कराल ना? घरात उरलेल्या पट्टीतून आधीचाच डोस आपणहून सुरू करू नका. मध्ये खंड पडला की शरीर पुन्हा नवखं होतं आणि जुना डोस जड जातो. आधी न्यूरॉलॉजिस्टला फोन करा, बंद केली होती हे सरळ सांगा. असं करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, ते रागावले तर रागावू देत. सुरू करताना रक्तपेशी, यकृत आणि सोडियम यांची तपासणी, मग काही आठवड्यांनी पुन्हा, नंतर अधूनमधून. थायरॉइडची, हृदयाची, रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी घरात चालू असेल तर ती सांगा, कारण कार्बामाझेपिन बऱ्याच औषधांचा जोर कमी करतं. वर्षानुवर्षं घ्यावं लागलं तर हाडांकडे आणि ड जीवनसत्त्वाकडेही लक्ष ठेवायचं, तुमच्या वयात विशेष. आणि जी कंपनी सोसते तीच चालू ठेवा, दर महिन्याला ब्रँड बदलू नका.

कार्बामाझेपिन सोसलंच नाही तर वाट बंद होत नाही. ऑक्सकार्बाझेपिन हे त्याचं भावंड इतर औषधांशी कमी भांडतं, मात्र सोडियम ते आणखी उतरवतं. आणि कार्बामाझेपिनने पुरळ उठलं होतं अशा काही लोकांना यानेही उठतं. त्यापुढे बॅक्लोफेन, लॅमोट्रिजिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन अशी औषधं आहेत, एकेकटी किंवा जोडीला. लॅमोट्रिजिन आठवड्याआठवड्याने अगदी सावकाश चढवावं लागतं, त्यामुळे तातडीच्या आरामासाठी ते कामाचं नाही.

भाऊ म्हणतो ते ऑपरेशन. मला त्याच्या सल्ल्यातलं ‘करून मोकळी हो’ खटकतं. तो काळजीने बोलतोय हे समजतं, पण या आजारात मोकळं व्हायचे तीन-चार रस्ते आहेत आणि ते एकमेकांसारखे नाहीत.

मुळात होतं असं की मेंदूतून नस बाहेर पडते त्या ठिकाणी, बऱ्याच रुग्णांत, एखादी रक्तवाहिनी तिला चिकटून धडधडत असते. सततच्या दाबाने नसेवरचं आवरण झिजतं आणि संदेश भलतीकडे उडी मारतात. कानामागून कवटीला छोटं छिद्र करून ती रक्तवाहिनी बाजूला सारायची आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा, ही मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशनची शस्त्रक्रिया. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या पीटर जॅनेटा यांनी ती रूढ केली. त्यांच्या गटाने १९९६ मध्ये हजाराहून अधिक रुग्णांचा हिशोब मांडला. दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के लोक औषधाविना कळेपासून मुक्त होते. सगळ्यांत टिकाऊ आराम हाच. पण ही पूर्ण भूल देऊन केलेली मेंदूजवळची शस्त्रक्रिया आहे. त्या बाजूचं ऐकू कमी येणं, मेंदूभोवतालचं पाणी झिरपणं आणि क्वचित पक्षाघात असे धोके तिच्यात असतात.

दुसरा रस्ता गालातून सुई घालून नसेच्या गाठीपर्यंत जायचा. तिथे उष्णता देतात, ग्लिसरॉल सोडतात किंवा बारीक फुगा फुगवून गाठ दाबतात. एक-दोन दिवसांत घरी, आराम लगेच. ज्यांना मोठी भूल झेपणार नाही अशा वयस्कर किंवा हृदयरोग्यांसाठी हा चांगला. बदल्यात चेहऱ्याचा तो भाग बधिर राहू शकतो, आणि काही वर्षांनी कळ परतली तर पुन्हा करावं लागतं.

गॅमा नाईफमध्ये नावातच काय तो चाकू आहे, कापाकापी काही नाही. किरणांचा नेमका झोत नसेच्या मुळावर सोडतात. लोकांना ते आवडतं ते त्यामुळेच. पण आराम यायला काही आठवडे ते महिने लागतात, तोवर औषध चालूच, आणि काही वर्षांनी अनेकांचा आराम ओसरतो. कळांनी जेवण तुटलेल्या माणसाला उद्या आराम हवा असतो, त्याला हा रस्ता उशिराचा.

यातलं काहीही तुमच्यासाठी आज नाही, कारण तुम्हाला औषध लागू पडलं होतं. ते नीट, पुरेशा डोसने, रक्त तपासत घेऊन बघितलेलंच नाही. मात्र एमआरआय अजून झाला नसेल तर तो करून घ्या. त्यात ट्यूमरची गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरॉसिससारखा, मेंदूतल्या नसांचं आवरण खराब करणारा, आजार नाही याची खात्री होते आणि रक्तवाहिनी कुठे आहे हे कळतं. रिपोर्टमध्ये ‘रक्तवाहिनीचा स्पर्श’ असं वाचून घाबरू नका. काहीही न दुखणाऱ्या माणसांतही तो दिसतो. औषध चांगल्या डोसला अपुरं पडू लागलं किंवा सोसेनासं झालं, तर मात्र न्यूरोसर्जनला भेटायला वर्षं घालवू नका. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे आधीच विचारा.

तोवर जगायचं कसं? कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि गोळीचा असर चांगला असेल त्या वेळी दात घासणं. स्कूटीवर गालावरून स्कार्फ बांधा, पण सैल, चोळला जाणार नाही असा. डाव्या बाजूने, मऊ आणि पोटभर खा. या आजारात लोक खाणं सोडतात आणि वजन घटतं, ते होऊ देऊ नका. लवंगेचं तेल हिरडीवर चोळणं थांबवा, भाजतं. मुख्याध्यापकांना निदान सांगून ठेवा, म्हणजे शिकवताना मध्येच थांबलात तर कुणी तर्क करणार नाही. आणि ‘कधी कधी नको वाटतं सगळं’ असं तुम्ही पत्राच्या कडेला लिहिलंय. या कळेपुढे भलेभले खचतात. तो विचार पुन्हा आला तर त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर बोला. तिथे मराठीतही बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही. न्यूरॉलॉजिस्टलाही सांगा. यावरून उपचाराची घाई किती करायची ते ठरतं.

इतर वाचकांसाठी इथेच थोडं थांबते. चेहऱ्याचं प्रत्येक दुखणं ताईंसारखं नसतं. गालात खोलवर, सतत, जागा नीट सांगता येत नाही असं दुखतं आणि सगळ्या तपासण्या साफ येतात, असंही एक दुखणं आहे. तिथे अॅमिट्रिप्टिलिनसारखं औषध रात्री छोट्या डोसने देतात. ते नैराश्याचंही औषध आहे म्हणून डॉक्टर आपल्याला वेडं समजतात असा ग्रह करून घेऊ नका, या डोसला ते वेदनेच्या वाटेवर काम करतं. आणि अशा दुखण्यात दात काढत सुटलात तर ते वाढतं. चाळिशीच्या आत किंवा दोन्ही बाजूंना कळा, चेहरा बधिर होणं, ऐकू कमी येणं, दोन-दोन दिसणं, यांत तपासणी लवकर हवी. चढ चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर थांबतो, तर आधी हृदय बघा. साठीत कानशिलं दुखतात, चावताना जबडा भरून येतो आणि दृष्टी अंधुक होते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि आपल्या राज्यात एक विशेष: गुटखा, सुपारी, मावा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडू लागलं, तिखट झोंबू लागलं, तर तो जबड्याचा सांधा नाही. तोंडाच्या आतलं अस्तर आखडतंय आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी आमच्या ओपीडीत ही मुलं येतच असतात.

आता मुलगी. ताई, तिचं दुखणं तुमचं नाही. तिची नस शाबूत आहे. तक्रार कानापुढच्या सांध्याची आणि चावण्याच्या स्नायूंची दिसते. सकाळी जबडा जड, कानशिलं दुखणं, कामाचा ताण असला की जास्त, तोंड उघडताना कट् आवाज. बहुधा ती झोपेत किंवा लॅपटॉपसमोर दात आवळते. विशी ते चाळिशीतल्या बायकांत हे फार आढळतं आणि बहुतेकांचं साध्या उपायांनी शमतं. हेही वरखाली होणारं दुखणं आहे. ती चार दिवस तुमच्याकडे, सुट्टीवर, मऊ भात खाऊन, दुपारी झोपून राहिली, आणि श्रेय गोळीला मिळालं!

नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. दुखत असेल, जबडा अडकत असेल किंवा समोरच्या दातांत आपलीच तीन बोटं उभी मावत नसतील, तर बघायचं. पहिले काही आठवडे तिने हे करावं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांमागे टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची ठेवण. जेवण सोडलं तर दातांना एकमेकांना भेटायचं कारण नाही. लॅपटॉपच्या कडेला एक रंगीत टिकली चिकटवायची, ती दिसली की जबडा सैल सोडायचा. कानापुढे आणि गालावर पंधरा-वीस मिनिटं कोमट शेक. चिक्की, सुकं खोबरं, ऊस, च्युइंगम बंद. वडापाव तुकडे करून, जांभई हनुवटीला हात लावून. दुखणं फार असेल तर आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन जेवणानंतर, मोजके दिवस, डॉक्टरांना विचारून. इथे त्या गोळ्यांचा उपयोग आहे, जो तुमच्या दुखण्यात नव्हता. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या थोडे दिवस चालतील, पण झोप आणतात.

तेवढ्याने भागलं नाही तर जबड्याचे व्यायाम येणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जावं. ताणावर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीही खरंच उपयोगी आहे. २०२३ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातल्या मार्गदर्शक सूचनांनी जुनाट दुखण्यासाठी याच दोन गोष्टींना सर्वांत वर ठेवलं. रात्री घालायचा नाइटगार्ड दात झिजण्यापासून वाचवतो, काहींना त्याने बरं वाटतं, पण वेदनेचा इलाज म्हणून त्याचा पुरावा कच्चा आहे. तेव्हा तो हजारोंचा असेल तर घाई नको. बोटॉक्सच्या जाहिरातींनाही तेच उत्तर. आणि पुण्यातल्या क्लिनिकने सांगितलेलं ‘चावा बसवण्यासाठी दात घासून घ्या, नाहीतर ब्रेसेस लावा’ हे जबड्याच्या दुखण्यासाठी करू नये. घासलेला दात परत येत नाही. जबडा खरोखर अडकून बसला तर सांधा धुण्याचा छोटा उपचार असतो, मोठी शस्त्रक्रिया अगदी क्वचित. दंत महाविद्यालयांत ‘ओरल मेडिसिन’ नावाचा विभाग असतो, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी आहेत, पुण्यात खासगी. दातांच्या पलीकडे बघायची सवय असलेले लोक तिथे भेटतात. तुम्हीही शनिवारनंतर गरज वाटली तर तिथे जाऊ शकता.

राहिला सासरी सांगायचा प्रश्न. तोंड उघडताना आवाज येतो, यात सांगण्यासारखं किंवा लपवण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. तुमचा आजारही घराण्यातून उतरणारा क्वचितच असतो. त्यातून सांगायचंच असेल तर ते मुलीने आणि होणाऱ्या जावयाने आपसात बोलावं. लग्नाच्या केळवणांत मात्र तिला आग्रह करकरून चकल्या आणि कडक बुंदीचे लाडू खाऊ घालू नका, एवढं दोन्हीकडच्या मंडळींना तुम्ही जरूर सांगा.